कुठनं येतोय ते सांग

प्रिय आरोही,

आपल्या शिळफाट्याच्या वर्कशॉपमध्ये एका गिऱ्हाइकाने न नेलेली जाड पत्र्याची टाकी पडून होती ना, तिची तुझ्या बाबांनी एका माणसापुरती पाणबुडी केली. मग झाकणातून त्यांचे खांदेच आत शिरेनात. म्हणून चालवायला मी. वेल्डिंग माझंच होतं, त्यामुळे भीती वाटली नाही. म्हणजे फार नाही.

पळसदरीच्या पुढे सोनुबाईंची बंद पडलेली दगडखाण आहे, पाण्याने भरलेली. टाकीला दोर बांधायच्या अटीवर त्यांनी परवानगी दिली. आत बसले तर काचेबाहेर नुसता चहा! दिवा लावला की गढूळपणाच उजळायचा. तेव्हा बाबा म्हणाले, बघायचं सोडून देऊ, ऐकू. आपण आवाज करायचा नाही, पाण्यातला फक्त टिपायचा. गाणं वाजवणाऱ्या शुभेच्छापत्रात पातळ चकती असते, तशा दोन त्यांनी रेझिनमध्ये बसवल्या आणि वायरी माझ्या हेडफोनला जोडल्या.

पहिल्यांदा काठावरूनच ऐकलं. आरोही, ते पाणी मुकं नाही गं. पाणकिड्यांची किरकिर, तळातून सुटणारे बुडबुडे, आणि घाट चढणारी मालगाडी खडकातून थेट माझ्या छातीत. मी हात जोडले, कुणाला ते ठाऊक नाही.

मग बाबांनी पाण्यात लोखंडी पाइप उभा केला, मला डोळे मिटायला लावले आणि जागा बदलून बदलून त्यावर हातोडी मारली. मी म्हटलं, येतोय आवाज. ते म्हणाले, "येतोय ते नको सांगू गं, कुठनं येतोय ते सांग."

मला सांगता येईना. आवाज डोक्याच्या मधोमध, चहूकडून, कुठूनच नाही. तशीच बसून राहिले आणि मला तू दिसलीस. गालगुंडात तुझा डावा कान गेला तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. हाक मारली की भलतीकडे वळायचीस आणि आम्ही हसायचो. एवढ्या वर्षांनी मला कळलं, तुला कसं ऐकू येतं ते.

चूक सोपी होती. दोन्ही चकत्या डोक्याच्या रुंदीइतक्याच अंतरावर होत्या. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने धावतो, दोन्ही चकत्यांना जवळजवळ एकदमच गाठतो. म्हणून अंतरही त्याच पटीने वाढवलं, पाणबुडीच्या दोन्ही अंगांना पट्ट्या वेल्ड करून आणि त्यांच्या टोकांना चकत्या बसवून. पुन्हा ठोका पडला आणि आवाज उजव्या खांद्यापाशी येऊन बसला. मी चक्क मान वळवली!

गेल्या रविवारी खोल गेले, तर खाणीत बुडालेल्या, दगड फोडायच्या जुन्या क्रशरच्या सांगाड्याखाली शिरले. वर यायला टाकीत वजनासाठी घेतलेलं पाणी बाहेर पंप केलं, तर पाणबुडीचं छत लोखंडाला आदळलं. थोडं पाणी परत आत घेतलं. दोर अडकला होता, तो आतून सोडून दिला. काचेबाहेर काहीच दिसत नव्हतं. पण काठावरून बाबांचे पाइपवरचे ठोके येत होते. पाणबुडीचं नाक थोडं उजवीकडे वळवलं, आवाज डावीकडे सरकला; मागून येत असता तर उजवीकडे सरकला असता. म्हणजे काठ समोर होता. तो मधोमध येईपर्यंत वळले आणि त्या आवाजाच्या मागे हळूहळू गेले. काच हिरवी झाली, मग पांढरी. काठावर बाबांच्या तळहाताला फोड आले होते. ते तिथेच खाली बसले.

जहाजावरच्या नोकरीसाठी मेडिकलमध्ये तुला कानावरून नापास केलं, तेव्हापासून तू घरी आली नाहीस. फोनवर मला धीर द्यायला जमत नाही. म्हणून लिहिते. आता आम्ही मोबाइलमधल्या थरथरणाऱ्या दोन मोटारी मनगटपट्ट्यांत बसवल्या आहेत. आवाज आधी ज्या बाजूला पोचेल, त्या बाजूचं मनगट थरथरतं. कानांची गरजच नाही. मी कान बंद करून काठाजवळ फिरून आले, नीट जमलं. क्रशरच्या बाजूला आता तरंगती पिंपं बांधून हद्द आखली आहे. यामुळे नोकरी मिळेल असं मी म्हणत नाही. पण ही पाणबुडी तुझ्या मापाची आहे, पट्टेही तुझ्याच मनगटांच्या मापाचे कापलेत. सुट्टी काढून ये, आणि खाली काय काय आहे ते वर येऊन आम्हाला सांग.

तुझीच वाट पाहणारी,
आई