काढून टाकलेली मावशी

बाबाराव सर,
सादर नमस्कार.

कादंबरी स्वीकारली गेल्याचं मी फोनवर सांगितलं, तेव्हा तुम्ही लगेच म्हणालात, "मी तुले म्हटलंच होतं नं वं? मावशी काढली अन् जमलं." मी हो म्हणाले.

खरं तर माझ्याकडून चुकून जुनी फाइल गेली. तुम्ही वाचण्याआधीची, पहिल्या प्रकाशकांनी परत केलेली. तिच्यात सक्करदऱ्याची मावशी पानोपानी बडबडते. नवे संपादक म्हणतात, मावशीसाठीच पुस्तक घेतोय.

मग प्रत्येक नकारानंतर बेसा भागातल्या तुमच्या घरी बसून आपण खोडत होतो, ते काय होतं? पण तुम्ही "पुन्हा लिही" म्हणाला नसता, तर मी लिहिणंच सोडलं असतं. दोन्ही एकाच वेळी कसं खरं असेल, मला कळत नाही.

हे पत्र मी पाठवणार नाही. पुस्तक मात्र पाठवावंच लागेल. अर्पणपत्रिकेत तुमचं नाव आहे, ते तसंच ठेवते. पान उलटलं की दारात मावशी उभी आहे. ती म्हणते, "या, बसा. इतके दिवस काहून नाही आले?"

तुमची विद्यार्थिनी,
पायल