हेल्मेट घातलेला माणूस

मंगळवार, संध्याकाळ. नालवाडी.

शेजारच्या कुंदाकाकूंच्या गाडीची काच फोडून कोणीतरी बॅग नेली. काकांच्या तपासण्यांची फाईल त्यात होती. उद्या सेवाग्रामला डॉक्टरांना दाखवायची होती.

आणि मी त्या माणसाला पाहिलं होतं. चार वाजता, गच्चीवर वाळलेले कपडे काढताना. एवढ्या उन्हात हेल्मेट न काढता तो गाडीत डोकावत होता. हेल्मेट का काढत नाही, असं मनात आलंही होतं. पण त्यांचा पाहुणा निघाला तर? उगाच वाईटपणा नको, म्हणून हटकलं नाही.

काकू सगळ्यांना विचारत होत्या, "कोणी पाह्यलं का?" मी सरळ घरी आले. चहा केला, तो तसाच ओट्यावर ठेवला. परत जाऊन सगळं सांगितलं.

"मंग तुनं मले आवाज काऊन नाई देला वं?"



जबाब द्यायला त्यांच्यासोबत ठाण्यात गेले. चेहरा विचारला, तर हेल्मेटशिवाय काही आठवेना. येताना काकू फाटकाशी थांबून म्हणाल्या, "उद्या दवाखान्यात संग येजो. आता सारं तोंडी सांगा लागन."

रागानं म्हणाल्या की विश्वासानं, अजून कळत नाही. रजेचा अर्ज मात्र लिहून ठेवलाय.