हॅलोवीनपर्यंतचं कुंपण

८ फेब्रुवारी
कुंपणाची रोपं आली. काटेरी हॉथॉर्न, अडीचशे, ओल्या गोणपाटात गुंडाळलेली. दिसायला छड्या. छड्यांशी माझा जुना परिचय आहे.

काकांच्या या उघड्याबोडक्या घरात राहायला आल्यापासून दलदलीवरचा वारा डिम्फ्नाचं डोकं उठवतो. आज म्हणाली, हॅलोवीनपर्यंत तुझं कुंपण धरलं तर राहीन, नाहीतर सॉल्टहिलला असम्प्टाकडे चालले. असम्प्टा तिची बहीण. या वयातही बायकोची विनोदबुद्धी शाबूत आहे.

११ फेब्रुवारी
लागवड. शेजारच्या पॅकी बर्नने चर खणला, मी देखरेख केली. दोरी ताणल्यावर दिसलं, ओळीच्या बरोबर मधे एक म्हातारं हॉथॉर्न एकटंच उभं. पॅकीने फावडं खाली ठेवलं. म्हणाला, मास्तर, हे त्या मंडळींचं झाड. मी हात लावायचा नाही, अन् तुम्हीही लावू नका. कोणती मंडळी, असं मी मुद्दाम विचारलं. नाव घेतलं नाही, टोपी तेवढी सारखी केली. जन्मभर विज्ञान शिकवलेल्या माणसाला पऱ्यांच्या कोपाच्या गोष्टी ऐकवतो!

डिम्फ्नाही म्हणाली, राहू दे रे ते, स्वयंपाकघराच्या खिडकीतून तेवढंच तर दिसतं मला. विचार करतो म्हणालो.

१६ फेब्रुवारी, रविवार
विचार केला. डिम्फ्ना चर्चला गेली तेवढ्यात करवतीने कापून टाकलं. सरळ रेषा ती सरळ रेषा. अंगठ्याला बरंच लागलं. करवत बोथट होती, झाडाचा संबंध नाही.

डिम्फ्ना परत आली आणि कोट न काढता खिडकीपाशी उभी राहिली. मग चहा ठेवायला गेली. पटलं असावं.

२ मार्च
डिम्फ्ना म्हणाली, रोपं घोट्याएवढी छाट. माझे वडील तसंच करायचे, त्याशिवाय बुडातून फुटवा येत नाही. मी म्हणालो, ही पहिलीतल्या पोरांना पहिल्याच दिवशी नापास करण्यातली गत झाली. वाक्य फार छान जमलं. ती पीठ मळत राहिली.

१७ मार्च
सेंट पॅट्रिकची मिरवणूक. पॅकीने मला पाहिलं आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेला. त्याची नजर अधू झाली आहे. डॉक्टरकडे जा म्हणून सांगायला हवं.

२६ एप्रिल
पाऊस नाही. डिम्फ्ना म्हणते, पाणी घाल, मुळांशी गवत वाढलंय ते काढ, खाली काहीतरी पसर. आयर्लंडात झाडाला पाणी! बादली घेऊन फिरताना कोणी पाहिलं तर पबमध्ये वर्षभर हाच विषय. या देशात पाणी आपलं आपण येतं. गवताचं बघू. गवत असलं की जमीन उघडी पडत नाही, असं माझं मत.

२१ मे
अजून पाऊस नाही. असा कोरडा मे गावात कोणी पाहिलेला नाही. सगळे माझ्या फाटकाकडे बघत हे सांगतात. रोपांची पानं आक्रसली आहेत. विश्रांती घेत असावीत.

डिम्फ्नाने चांगला टी-सेट कागदात गुंडाळून असम्प्टाकडे पाठवला. इथे धूळ फार म्हणाली. घर आवरायला घेतलंय, चांगलं लक्षण.

१५ जून
विजय! ससे कुरतडतात म्हणून रोपांना प्लास्टिकच्या नळ्या घातल्या होत्या. त्यांतून हिरवंगार वर आलंय. डिम्फ्नाला हाताला धरून बाहेर नेलं. ती वाकली, बघितलं, म्हणाली, मॅलकी, ही रानवेल आहे. मी म्हणालो, दोघं एकमेकांना आधार देतायत. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. का कोण जाणे, मला जरा थंडी वाजली. जूनमध्ये.

९ ऑगस्ट
पाऊस एकदाचा आला, थांबतच नाही. मी म्हटलं नव्हतं?

डिम्फ्नाची पलंगाशेजारची जागा रिकामी दिसली. दिवा नाही, जपमाळ नाही, आईचा फोटो नाही. विचारणार होतो, पण ती आंबटगोड रुबार्बचा टार्ट भाजत होती. चांगल्या टार्टमध्ये विघ्न नको.

२० सप्टेंबर
डिम्फ्नाने ओळीने रोपांची साल नखाने खरवडली. आतून तपकिरी. पुढचं, तपकिरी. जिवंत असतं तर हिरवं दिसतं म्हणे. मी म्हणालो, पानगळ आलीय, सगळंच तपकिरी होतं. बरं, म्हणाली. तिचं बरं मला आवडलं नाही. त्यापेक्षा ती भांडली असती तर चाललं असतं.

३१ ऑक्टोबर
गेली. पॅकीच्याच गाडीतून. म्हणजे नजर ठीक आहे त्याची. दारात म्हणाली, हॅलोवीनचा मनुकांचा पाव केलाय, बारमब्रॅक, डब्यात आहे, एकदम संपवू नकोस. कुंपणाचं नावही काढलं नाही. वाऱ्यापायी गेली. विचारणाऱ्याला तसंच सांगायचं ठरवलंय. वाऱ्यापुढे कोणाचं काय चालतं?

२ नोव्हेंबर
ओळीत फिरलो. प्रत्येक रोप खरवडलं. तिचं बरोबर होतं. मधल्या म्हाताऱ्या झाडाच्या खुंटापाशी आलो तर माझ्या कमरेएवढे कोवळे फुटवे, दाट, काटेरी, हिरवेगार. जे बुडापासून कापलं तेवढंच धरलं. किती वेळ उभा होतो आठवत नाही. तिथे उभं राहायची भीती वाटत होती, आणि घरात जायची त्याहून जास्त.

मग सुचलं. कुंपणातलं एक का होईना, धरलंय. खिडकीतूनही दिसतं. तातडीने सॉल्टहिलला फोन लावला. असम्प्टाने घेतला. डिम्फ्ना घरात नाही म्हणाली. रोज समुद्राकाठी फिरायला जाते, डोक्याला रुमालसुद्धा बांधत नाही. मी म्हणालो, अगं, पण तिकडे वारा केवढा.

असम्प्टा म्हणाली, हो ना, तोच तर आवडतो तिला.