सासऱ्यांच्या नावाचं नेटवर्क

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

अखेर बदललं! कोणी बघत नव्हतं तेव्हा बदललं.

ऑफिसच्या वाय-फायचं नाव. रशियाला जाण्याआधी ह्यांनी मोठ्या कौतुकाने स्वतःच्या वडिलांचं नाव दिलं होतं त्याला. ह्यांचं काय जातं? हे गेले ट्रक चालवायला, काउंटरवर बसले मी. जमीनमोजणीचा नकाशा न्यायला येणारा प्रत्येक जण विचारतो — "पोरी, इंटरनेटचं नाव काय गं?" आता केलीनने, म्हणजे घरच्या सुनेने, सासऱ्यांचं नाव कसं घ्यायचं? आमच्या डोंगराळ नारीन भागात घेत नाहीत. थोरल्या दिरांचंही नाही. या वहीतसुद्धा लिहीत नाही मी, उगाच कशाला. माझं नाव मात्र इथे कोणाला लागतच नाही, सगळ्यांची मी नुसती केलीन.

भिंतीवर चिठ्ठी लावून पाहिली होती. म्हातारे म्हणतात, चष्मा घरी राहिला, तूच वाच. आज एका आजोबांना मी बाहेरच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर अतांचंच, म्हणजे सासऱ्यांचंच, नाव आहे, ठळक. आजोबा बाहेर गेले, पाटी नीट बघितली आणि, मी घालवून देतेय असं वाटून की काय, तसेच बस पकडून गावी गेले. नकाशा इथेच राहिला.

म्हणून बदललं. नवं नाव 'ऑफिस'. पासवर्ड तोच. सगळे कम्प्युटर, अतांचा फोन, थोरल्यांचा फोन — एकेक करून गुपचूप जोडून टाकले. कोणाला पत्ता नाही.

२७ फेब्रुवारी, सोमवार

शनिवारपासून वीज नव्हती. आज सकाळी आली. प्रिंटर छापत नाही!

प्रिंटर म्हणजे मागच्या खोलीतलं ते जुनं धूड. वासराएवढं वजन. अता बदलू देत नाहीत — "मेलेला नाही, तर पुरायची घाई का?" त्याला शेजारी साबणाच्या वडीएवढा एक पांढरा बॉक्स जोडलाय, प्रिंट सर्व्हर. आम्ही पुढच्या खोलीतून कागद पाठवायचा, बॉक्सने तो हवेतून झेलायचा आणि प्रिंटरला द्यायचा. आज बॉक्सचा दिवा नुसता लुकलुकतोय.

थोरले म्हणाले, "विजेने खाल्ला." मग बॉक्सला एक चापट मारली. पुढे काही घडलं नाही.

१ मार्च, बुधवार

बंद केला, चालू केला. राउटर बंद केला, चालू केला. दोन्ही बंद केले, आधी हा मग तो. मग आधी तो मग हा. दिवा लुकलुकतोच.

बर्फ वितळायला लागलंय, मोजणीचा हंगाम तोंडावर. लोक नकाशांसाठी खोळंबलेत. मी लॅपटॉप उचलून मागे नेते, प्रिंटरला वायरने जोडते, छापते, परत आणते. म्हणजे प्रिंटर ठणठणीत आहे, दुखणं बॉक्सचं. थोरले गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "हे ऑफिस आहे का कुरण? आमची केलीन कम्प्युटर चरायला नेते!" सगळे हसले. मीही हसले, काय करणार.

मग चहाच्या वेळी थोरले खरं बोलले. "आठ मार्चपर्यंत चालू झाला तर ठीक. नाहीतर केलीनने घरी बसावं, आईलाही मदत होईल. कम्प्युटर कळणारा माणूस मी आणतो."

आठ मार्च म्हणजे महिला दिन. त्यांच्या लक्षातही आलं नसेल.

घरी जायचं नाही मला! घरात मी पहाटेपासून उभी असते — गाय, चूल, पाहुणे, पुन्हा चूल. इथे मला खुर्ची आहे. लग्नाआधी नकाशे काढायला शिकले होते, ते आठवून अतांनीच दिलेली खुर्ची. ती सोडायची नाही मला.

३ मार्च, शुक्रवार

सासूबाई, म्हणजे अपा, ऑफिसात आल्या. तव्यावर आर्चाच्या, त्या डोंगरातल्या सुवासिक झुडपाच्या, सुक्या डहाळ्या पेटवून बॉक्सभोवती धूर फिरवला. "दृष्ट लागलीय याला." अता खोकले. लुकलुकणं तसंच. पण नकाशांना आता छान वास येतो, गिऱ्हाइकं हुंगून बघतात.

८ मार्च, बुधवार

थोरल्यांनी घरातल्या सगळ्या बायकांना फुलं दिली. मलाही दिलं. देतानाच विचारलं, "झाला?"

"उद्याचा दिवस द्या," म्हटलं. अता मध्ये पडले — "दे."

९ मार्च, गुरुवार

बॉक्स जिथून घेतला त्या बिश्केकच्या दुकानात फोन केला. तिलेक नावाचा मुलगा. मला एजे म्हणतो, म्हणजे ताई. बोलणं तलास प्रांताकडचं.

"एजे, काही बदललं होतं का?"

"काही नाही," मी म्हणाले. खोटं नव्हे! मशीनमधलं एक बटणही मी हलवलं नव्हतं.

त्याने सांगितलं तसं बॉक्सला वायरने लॅपटॉपशी जोडलं. बॉक्सचं स्वतःचं एक पान उघडलं. त्यावर लिहिलेलं — नेटवर्क शोधत आहे. आणि पुढे नाव.

"कोणाला शोधतोय? वाचा."

मी पान उगाच खाली-वर सरकवलं.

"एजे? ऐकू येतंय ना?"

"येतंय. वाचता येत नाही."

"अक्षरं लहान आहेत?"

"मोठी आहेत. सासऱ्यांचं नाव आहे."

तो म्हणाला, "अच्छा. माझी आईपण घेत नाही. एकेक अक्षर सांगा ना."

"तू जोडशील."

"नाही जोडणार, शपथ!"

नाहीच सांगितलं. मग त्याने विचारलं, "बरं, तुमच्या वाय-फायचं आत्ताचं नाव काय? ते तरी घेता येतं ना?"

"ऑफिस."

तो इतका हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "एजे, तो बिचारा इतके दिवस सासऱ्यांना हाका मारतोय! त्याला कोणी सांगितलंच नाही की ते गेले!"

"गेले नाहीत, पुढच्या खोलीत आहेत," मी म्हणाले.

फोन ठेवल्यावर मात्र माझं मलाच हसू आवरेना. नवं नाव टाकलं. दिवा स्थिर! छापला!

पण आजचा दिवस इथे संपत नाही. चाचणीचं पान निघालं ते अतांनीच उचललं. आयुष्यभर मोजणी केलेला माणूस, कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. वाचला. चष्मा काढला. थोरल्यांकडे बघून म्हणाले, "नेटवर्क — ऑफिस. माझं नाव कुठे गेलं?"

थोरले म्हणाले, "मला काय माहीत?"

"पाटी बदलू या म्हणून शरदात कोण मागे लागलं होतं? मी जिवंत असतानाच उतरवलंस?"

थोरल्यांचा चेहरा पांढरा पडला. पाटी नवी रंगवू या एवढंच म्हणाले होते ते, मी तिथेच होते.

मी गप्प बसले. तीन वर्षांत तेवढं एक चांगलं शिकलेय.

१० मार्च, शुक्रवार

अता जेवले नाहीत. थोरले बाहेर गाडीत जाऊन बसले, थंडीत, काचा बंद करून. मी खिडकीतून बघत होते. हा माणूस मला हाकलायला निघालेला. गप्प राहिले तर अता आता त्यांचं काही ऐकणार नाहीत. खुर्ची माझीच. कोणाला कळणारही नाही.

पण गाडीत बसून ते रडत होते. चाळिशीचा माणूस, बापाने असं बोलल्यावर. बघवेना मला.

११ मार्च, शनिवार

सांगून टाकलं. दस्तरखानावर, जेवणाच्या कापडाभोवती, सगळे बसले होते, मी चहा ओतत होते. हातात चहाची किटली असली की बोलायला बरं पडतं, कोणाकडे बघावं लागत नाही.

"अता, नाव मी बदललं. थोरल्यांनी नाही. लोक विचारायचे, मला घेता यायचं नाही."

सगळे तळलेले बोरसोक चघळायचे थांबले. मग अपांना हसू फुटलं. "मी हिच्या आजेसासऱ्यांना जन्मभर 'ते टोपीवाले' म्हणत होते. गावात सगळेच टोपीवाले! एकदा निरोप भलत्याच म्हाताऱ्याला गेला, तो जेवायला येऊन बसला!"

कोणी हसलं नाही. अतांनी पेला पालथा ठेवला आणि उठून गेले.

थोरले म्हणाले, "माझ्या बापाने मला नाही नाही ते ऐकवलं. का, तर हिला लाज वाटते! सोमवारी चावी आणून दे. संपलं."

अतांनी आतून ऐकलं असणार. एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं होतं, बोलतील. मी गाईपाशी जाऊन रडले.

१२ मार्च, रविवार

ह्यांचा फोन. "अतांनी सकाळपासून डोकं खाल्लंय. राउटरचं पान कसं उघडायचं, विचारतात. काय चाललंय तिकडे?" मला काय माहीत, म्हटलं.

१३ मार्च, सोमवार

चावी द्यायला गेले. प्रिंटर पुन्हा बंद, कम्प्युटरही नेटवर्कपासून तुटलेले. राउटरशेजारी अतांचा चष्मा राहिलेला. अता नकाशात डोकं घालून बसलेले, वर बघेनात.

थोरले फोनमध्ये वाय-फाय शोधत होते. वैतागून म्हणाले, "ऑफिस कुठे गेलं? इथे भलतंच दिसतंय. ए केलीन, ही बेर्मेत कोण?"

"मी," मी म्हणाले.