फोडून दाखवा

प्रिय टिकटिक,

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझं सगळं बदललं. दुकानात एका प्रिंटरचं पोट उघडून बसलो होतो, तेवढ्यात तुझा फोन आला. हॅलोसुद्धा म्हणाली नाहीस. स्क्रीन लाल झालीय, एकही रिपोर्ट उघडत नाही, बाकावर चौदा पेशंट बसलेत, भडकू, तू ये. मी आलो. तुझ्या टेबलाशी वाकून दोन-चार बटणं दाबल्यासारखं केलं आणि म्हणालो, बघतो. माझ्या कपाळावरचा घाम बघून तू पंखा वाढवलास. घाम उकाड्याचा नव्हता.

आज चार वाजता केंद्राच्या डॉक्टरबाई तुझी सही घेणार, हे तुझ्या मावशीनं काल मला रस्त्यात गाठून सांगितलं. अनोळखी मेल निष्काळजीपणानं उघडला, त्यातून व्हायरस शिरला, असं तू स्वतःच लिहून द्यायचं आहे म्हणे. सही केलीस की नोकरी गेलीच, पण पुढं कुठलंही तपासणी केंद्र तुला दारात उभं करणार नाही. मावशी म्हणाली, पोरगी दोन दिवस जेवली नाही, कुठला मेल, कुठला मेल, एवढंच घोकतेय. तू कॉम्प्युटरवाला ना रे, मग कर की काहीतरी! मी मान हलवली. मान हलवायला मला छान जमतं.

आपलं भांडण आठवतं ना? पहिल्या वर्षाच्या लॅबमध्ये सुरू झालेलं, मी कॉलेज सोडलं तरी न संपलेलं. विंडोजवर प्रॅक्टिकल करणार नाही म्हणून सरांशी हुज्जत घातली आणि बॅग उचलून निघालो, ते निघालोच. बाबा अजून ऐकवतात, लोकांची पोरं मुलीपायी कॉलेज सोडतात, आमच्यानं लिनक्सपायी सोडलं. त्यांना अर्धंच माहीत आहे. तू पुढच्या बाकावर बसून दुसऱ्याच्या जोकवर हसलीस, म्हणून त्या दिवशी माझं डोकं आधीच फिरलेलं होतं.

तू म्हणायचीस, माझ्या विंडोजला दर महिन्याला अपडेट येतं, काही चुकलं तर जाब विचारायला कुणीतरी आहे. तुझ्या लिनक्सचा धनी कोण? मी म्हणायचो, आमचा कोड उघडा आहे, हजार डोळे त्यावर असतात. तू पेन्सिल चावत म्हणालीस, हजार डोळे असले की प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघतोय. मी तरी माझंच खरं करत राहिलो. मग केंद्रात नोकरीला लागल्यावर तूच आव्हान दिलंस, एवढा शहाणा आहेस तर माझ्या मशीनला हात लावून दाखव.

केंद्राचे कॉम्प्युटर दुरुस्तीला आमच्याच दुकानाकडे. तुझा दुरुस्तीला आला, तेव्हा मी त्यात एक वाट ठेवून दिली, माझ्या खोलीत बसून तुझा कॉम्प्युटर उघडता येईल अशी. दुसऱ्या दिवशी तुझ्या स्क्रीनवर एक ओळ उमटली, हरलीस, चहा पाज. तू खरंच पाजलास. आणि कप ठेवता ठेवता विचारलंस, आता ते बंद केलंस ना? मी हो म्हणालो.

बंद केलं नव्हतं. रोज आठ पन्नासला तू मशीन सुरू करायचीस आणि माझ्याकडे एक हिरवा ठिपका लागायचा. बाकी काही उघडलं नाही, शपथ. तो ठिपका लागला की मला वाटायचं, दिवस सुरू झाला. चार फुटांवर उभं राहून तुला सांगायचं धाडस नव्हतं, म्हणून ठिपक्यावर भागवत होतो.

आणि सतरा दिवसांपूर्वी माझं डोकं पुन्हा फिरलं. आमच्या कॉम्प्युटरवाल्यांच्या ग्रुपवर घुबड नावाचा एकजण लिनक्सवाल्यांची टर उडवत होता. मी चिडून माझ्या मशीनचा इंटरनेटवरचा पत्ताच सगळ्यांसमोर टाकला आणि खाली लिहिलं, या, फोडून दाखवा. शंभर जणांनी हसून घेतलं. घुबडानं एकच शब्द लिहिला, बघू. त्यानंतर तो ग्रुपवर दिसला नाही. मी जिंकलो असं समजून चाललो. एका दुपारी दुकानातून लवकर आलो तर माझ्या कॅमेऱ्याचा दिवा आपोआप लागलेला दिसला. वायर सैल असेल म्हटलं, वर चिकटपट्टी लावली. आपली सिस्टीम फुटूच शकत नाही, मग दुसरं काय असणार?

काल मावशी भेटल्यावर घरी येऊन माझ्या मशीनमध्ये कोण कधी आलं त्याच्या नोंदी काढल्या. पंधरा दिवस, रोज दुपारी, मी दुकानात असताना, कुणीतरी माझ्या मशीनमध्ये येऊन बसत होतं. कधी दहा मिनिटं, कधी दोन तास. काही फोडलेलं नाही, टिकटिक. पासवर्ड टाकून सरळ आत आलं. एवढी भक्कम सिस्टीम, आणि पासवर्ड तुझं टोपणनाव नि आपण भेटलो ती तारीख. त्याच ग्रुपवर त्याच नावावर, त्याच तारखेवर मी कविता टाकली होती, त्यामुळे कुणीही ओळखलं असतं. माझ्याकडून वाट थेट तुझ्या टेबलावर जात होती. तुझ्या विंडोजचा दोष नाही, माझ्या लिनक्सचाही नाही. नोंदी वाचत असताना स्क्रीनवरचा बाण हलला. माझा हात माउसवर नव्हता. कोऱ्या पानावर एक शब्द उमटला, बघितलं. मी वायर उपटली.

म्हणून हे पत्र कागदावर आहे. फोनवर, मेलवर काहीच पाठवणार नाही, तिथंही कोण बसलंय कुणास ठाऊक. तू कुठलाही मेल उघडला नव्हतास. सही करू नकोस. हे पत्रच डॉक्टरबाईंच्या हातात दे, सोबत नोंदींचे कागद जोडलेत, खाली माझी सही आहे. आणखी एक, ते सहीपेक्षाही निकडीचं. आज रविवारी जपून ठेवलेली सगळ्या रिपोर्टांची कॉपी चढवून केंद्र पुन्हा सुरू करणार असं ऐकलं. तिला हात लावू देऊ नका. जो कुणी आहे, तो रविवारीही आतच होता. गेल्या पंधरा दिवसांतले रिपोर्ट नुसते अडकलेत की त्यांतले आकडेही बदललेत, मला सांगता येत नाही. कुणाची साखर, कुणाचं रक्त. त्या माणसांना परत बोलवा. यानंतर तू माझं तोंड बघणार नाहीस. पोलिसांना मात्र बघावं लागेल. ते मी बघून घेईन.

तुझाच,
भडकू

ता. क. हे जिन्यात उभ्यानं, भिंतीला कागद टेकवून लिहितोय. सव्वातीन झालेत. पत्र मीच आणून देतो. बाबा नेहमी ओरडतात, हा पोरगा बाहेर पडला की दार सताड उघडं. आज लावलं. कुलूप घातलं, दोनदा ओढून बघितलं.