एकोणिसावा खण

३ नोव्हेंबर २००६
दिग्रसची कापसाची जिनिंग गिरणी बंद पडून माझं काम गेलं, त्याला सात महिने झाले. आज नोकरी लागली. वृद्धाश्रमात लेखनिक, राहणं-जेवण तिथंच. शाळा चौथीपर्यंत, पुढचं माझं मी शिकलो. पण माझं अक्षर वकीलसुद्धा वाखाणतात. व्यवस्थापिका बेबीताईंनी गरम पोहे दिले. म्हणाल्या, बळीरामभाऊ, मोती काढता जी तुम्ही!

म्हातारी माणसं अठरा. वाट चुकू नये म्हणून त्यांच्या चपला जाळीच्या कपाटात, कुलपात. खणांवर नावांच्या चिठ्ठ्या मी डकवल्या. खण एकोणीस. शेवटची कोरी असू द्या म्हणाल्या.

नेमणूकपत्राचं सातवं कलम दोनदा वाचलं. कोणाचा छळ दिसला तर चोवीस तासांत वर, जिल्हा कार्यालयाला लेखी कळवायचं. न कळवणारा तितकाच दोषी. रास्त आहे.

६ नोव्हेंबर
अठरांतल्या मानीबाईच्या मनगटांवर वळ. न्हाणीत पडली, असं बेबीताईंनी सांगितलं. नोंदवहीत तसं लिहिलं. वेळ, तारीख, माझी सही.

७ नोव्हेंबर
वळ नीट पाहिले. अर्धा इंच रुंद, दोन्ही हातांना सारखे. सव्वीस वर्षं जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी सुतळीनं बांधताना पाहिल्या आहेत. हे पडल्याचे वळ नाहीत, सुतळीचे आहेत.

देवसिंग इथल्या म्हाताऱ्यांत सगळ्यात तरणा, उजव्या हाताची बोटं वाकडी. मी तक्रारीचा अर्ज लिहिताना जवळ येऊन पुटपुटला, लिवू नको बाप्पा, तुह्याआधी मीच होतो लेखनिक, मीबी लिवलं होतं. मी त्याच्यासारखा कच्चा नाही. दिग्रसला जाऊन अर्ज स्वतः रजिस्टर पोस्टानं पाठवला.

२४ नोव्हेंबर
उत्तर आलं. मला नाही, संस्थेला. माझाच अर्ज, वर शेरा: संस्थेने खुलासा करावा.

बेबीताई हसल्या. म्हणाल्या, वहीत सही कोनाची हाये? सातव्या कलमात पयले तुमीच जाल ना भाऊ. खुलासाही मीच लिहावा, असं त्यांचं म्हणणं; अक्षर माझंच चांगलं.

लिहिला. मानीबाई पडली. एकही खाडाखोड नाही.

२५ नोव्हेंबर
निघालो. फाटकाला कुलूप. चौकीदाराला सांगितलं, मी इथला लेखनिक. तो म्हणाला, सारे असंच म्हंतात आजोबा, चाला आत.

मी एकावन्न वर्षांचा आहे.

२७ नोव्हेंबर
चपला नाहीत. पेनही नेलं. ही पेन्सिल देवसिंगनं दिली, त्याच्या गादीतून काढून.

२८ नोव्हेंबर
एकोणिसाव्या खणात माझ्या चपला. चिठ्ठीवर माझं नाव. अक्षर नव्या लेखनिकाचं. वळणदार. माझ्यापेक्षा—

पोह्यांचा वास येतो आहे.

२९ नोव्हेंबर
त्याला सगळं सांगितलं. मानीबाईची मनगटंही दाखवली. त्यानं खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, बाबा, आराम करा.

३० नोव्हेंबर
वही टेबलावर उघडी होती. आजचं पान. बळीराम न्हाणीत पडला, सकाळी साडेदहा. खाली त्याची सही.

घड्याळात दहा पंचवीस.

पावलं दोघांची. सुतळीचा बिंडा कोणीतरी उलगडत— मी पडलो नाही. वाचणाऱ्यानं लिहून ठेवावं, मी पड—