पाचव्या ओळीतला दाणा

गुरुवार, ६ नोव्हेंबर
लायब्ररीत आमच्या विणकाम ग्रुपची बैठक. पुढच्या वर्षी लायब्ररी विणकामाचं एकच मासिक घेणार. सध्या येणाऱ्या तिनांपैकी कुठलं, ते २७ तारखेला हात वर करून ठरवायचं. मी तटस्थ आहे.

त्यातल्या ‘उबदार हात’च्या ताज्या अंकात आमच्या ग्रुपमधल्या उर्वेच्या शालीचा नमुना आलाय. दोन पानं. फोटोत बाईसाहेब स्वतः. टाके मोजायला माझ्या शेजारी बसून शिकली, आणि आता फोटो! मी अभिनंदन केलं. दोनदा. दुसऱ्यांदा जरा जोरात झालं असावं, ग्रंथपाल त्रीनने वळून पाहिलं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर, सकाळी
संकल्प : उर्वेचा विचार करायचा नाही. तिन्ही मासिकं घरी आणली. शास्त्रशुद्ध तुलना.
‘टाका’ : सगळं जाड्या लोकरीचं.
लाटव्हियन मासिक : भाषा येत नाही, पण दर्जा कळतो.
‘उबदार हात’ : कागद नको तेवढा गुळगुळीत.
एंडेल म्हणाला, अगं, तीन मासिकांत नेमका उर्वेच्याच तोंडावर कॉफीचा डाग कसा? नवऱ्यांना विणकामातलं काही कळत नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर
तिचा नमुना विणून पाहिला. केवळ अभ्यास म्हणून. लेख वाचला नाही, तिचं आत्मचरित्र वाचायला मला वेळ नाही.
सापडली! पाचव्या ओळीत, फुलाच्या टोकाला नुप्पच नाही! सात टाक्यांचा तो फुगीर दाणा नसेल तर ती आमच्या हापसालू शहराची शाल नव्हे, मासे धरायचं जाळं. खूप वाईट वाटलं. जेवण मात्र दोन घास जास्त गेलं.

बुधवार, १२ नोव्हेंबर
संपादकांना पत्र टाकलं. भाषा संयमित. फक्त शेवटी, ‘असल्या हातांत सुया दिल्या कुणी?’ खाली पूर्ण नाव : माल्ले रोहुमा, हापसालू. मी लपूनछपून वार करत नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर
उर्वे घरी आली, वेलदोड्याचा गोड पाव घेऊन. म्हणाली, अगं माल्ले, वाचलास का गं लेख? शेवटपर्यंत? मी म्हटलं, हो तर, फार हृद्य. तिचे डोळे भरून आले. स्वतःवर किती तो जीव! पाव बरा होता. थोडा कोरडा.

गुरुवार, २७ नोव्हेंबर
मतदान. मी त्या गाळलेल्या दाण्यावर दहा मिनिटं बोलले. शहराच्या इभ्रतीसाठी. सगळ्यांनी आपापल्या विणकामात डोकं घातलं. त्रीन तर माझ्याकडे बघतच राहिली. प्रभाव पडतो तो असा. उर्वे एवढंच म्हणाली, तुला नकोय ना, मग नको. आणि लाटव्हियन मासिकासाठी तिनेच पहिला हात वर केला. मागून सगळ्यांनी. जिंकले!
ग्रुपमध्ये लाटव्हियन कुणालाच येत नाही. शिकू.

मंगळवार, २ डिसेंबर
संपादकांचं उत्तर. पत्र जानेवारीच्या अंकात नावासकट छापायला गेलंय. फक्त एक शंका आहे म्हणे. सोबत उर्वेच्या लेखाचा शेवटचा परिच्छेद जोडलाय :
‘या नमुन्याचं नाव मी “माल्लेचं फूल” ठेवलंय. वीस वर्षांपूर्वी माझी मैत्रीण माल्ले रोहुमा हिने मला तो विणून दाखवला. पाचव्या ओळीत तिने दाणा गाळला होता. का, असं विचारलं तर म्हणाली, फुलाला श्वास घ्यायला जागा नको का? ती जागा मी आजवर बुजवलेली नाही.’
संपादक विचारतात, त्या माल्ले रोहुमा आपणच का?

मी त्या दिवशी दाणा विसरले होते. नवशिक्या बाईसमोर कबूल कसं करायचं, म्हणून सुचेल ते ठोकून दिलं.

दुपारी
लायब्ररीतला अंक परत दिलाय. मागायला तोंड नाही. विकत घ्यायला दुकानात गेले. संपलाय. दुकानदारीण म्हणाली, तुमच्या ग्रुपच्या बायका अंक आला त्याच आठवड्यात घेऊन गेल्या. एकेकीने एक.